गुलाबाचा पुडा

तळेघर मागे पडले, गाडी उताराला लागली, आणि झाडांच्या फटीतून धरणाचे पाणी दिसले. नवाबने मान वळवली आणि पलीकडच्या डोंगराकडे बघत बसला.

चार दिवस उमर आईबापाला नव्या गाडीतून समुद्र दाखवत होता. वाट फुटेल तिकडे गाडी वळवायची. अलिबाग झाले, मुरूड झाले, श्रीवर्धन झाले, ताम्हिणीचे रान झाले. श्रीवर्धनला चांदबी वाळूत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, ह्याच्याखाली पण गावं असतील का?" नवाब गाडीकडे चालू लागला. येताना त्याने हायवेचा हट्ट धरला, तर तीच म्हणाली, "नको. भीमाशंकरच्या जंगलातून जाऊ."

आज सकाळी खेडच्या बाजारात तिने गुलाबाचा पुडा घेतला आणि मांडीवर ठेवला. "माझे डोळे चालले आता," ती म्हणाली. "औंदा मला पण दाखवा, आपली रुक्साना कुठं निजलीय ते."

तेव्हापासून नवाबला एकच घोर लागला होता. जुन्नरच्या कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभे राहून बोट दाखवायचे तरी कुठे?

रुक्साना उमरच्या आधीची मुलगी. आठ महिन्यांची होऊन गेली. जुन्या गावात चिंचेखाली नवाबने तिला आपल्या हाताने मातीत ठेवले. पुढे धरण आले, गाव उठले, ती दोघे जुन्नरला आली. कबर जुन्नरला हलवतो, असा शब्द त्याने बायकोला दिला. माणसे घेऊन गेला, तेव्हा पाण्यावर चिंचेचा नुसता शेंडा हलत होता. घरी येऊन म्हणाला, "हलवली." बायका कब्रस्तानात जात नसत. खोटे खपून गेले. शेंडा मात्र तीस वर्षे डोळ्यांपुढे हलत राहिला.

दर शब-ए-बरातला, गेलेल्यांच्या आठवणीच्या रात्री, कबरीसाठी चांदबी फुले द्यायची. तो जुन्नरच्या कब्रस्तानाला जातो सांगून एसटीने इकडे यायचा, फुले पाण्यात सोडायचा आणि गुपचूप परतायचा.

"उमर, थांबव रं," चांदबी म्हणाली.

ती उतरली. चाचपडत काठापर्यंत गेली आणि तिने चपला काढून ठेवल्या. नवाब धडपडत मागे आला.

"अगं, कबर तिकडं जुन्नरला..." तो म्हणाला.

तिने पुडा त्याच्या हातात दिला. "दरसाल कुठं सोडता, तिथं न्या मला."

नवाबने पुडा छातीशी धरला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगंल कोण? तीस वर्षं तुमचा पायजमा मीच धुतीय," चांदबी म्हणाली. "जुन्नरच्या काळ्या मातीत हा तांबडा गाळ कुठनं यायचा?"