हातगुण

"पोराचं काम तपासल्याशिवाय त्यावर कुणाचा जीव टांगू नकोस. आणि त्याला कळू देऊ नकोस." शेवटच्या आजारपणात नवऱ्याने एवढंच सांगितलं होतं, आणि तिने शब्द दिला होता.

मुलाने आज पिकअपच्या मागे ट्रेलर ओढायचा हूक स्वतःच बसवला. गॅरेजवाल्यांना अक्कल नसते म्हणे. उद्या भरलेला ट्रेलर जोडून तो बायको-लेकीसह घाट उतरणार होता.

"बोल्ट नीट आवळलेस ना रे?" तिने हळूच विचारलं.

"आई, तुला पाना आणि पळी यातला फरक तरी कळतो का?" तो हात पुसत हसला. "बाबांनी जन्मभर नुसती ठोकाठोक केली. मी लावलेलं आजवर काही सुटलंय? पाळणा? जिन्याचा कठडा?"

"नाही बाबा, काहीच नाही."

"मग? हातगुण लागतो त्याला."

जेवून तो आडवा झाला. घोरणं ऐकू आल्यावर तिने स्वयंपाकघरातला खण उघडला, पळीशेजारचा नवऱ्याचा पाना उचलला आणि पाळण्याच्या वेळी, कठड्याच्या वेळी गेली होती तशीच मुकाट्याने बाहेर निघाली.