घाटातला लांडगा

"थांब. मी तितं न्हवते," साखरबाई म्हणाली.

नागेश वाचता वाचता अडखळला. हातात अकरा फुलस्केप कागद होते आणि गोष्ट ऐन घाटात आली होती. त्याच्या आजोबांनी, सोनबानं, लांडग्याच्या जबड्यातून कोकरू ओढून काढलं होतं. आता सोनबा आणि लांडगा दोघंही दरीत जायचे, एवढंच बाकी होतं, आणि आजी मध्येच बोलली.

"न्हवतीस म्हणजे? आजोबा कसे गेले ते तूच तर सांगत आलीस."

नागेश इंदापूरच्या तहसील कचेरीत कारकून होता. आठ वर्षं तो गोष्टी लिहीत होता आणि आठ वर्षं त्या इमानेइतबारे साभार परत येत होत्या. यंदा, त्र्याण्णव साली, पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी पहिल्यांदाच पोस्टकार्डावर चार ओळी खरडल्या. आजोबांची गोष्ट छापू, पण ती आजीच्या डोळ्यांनी सांगा, आणि आठ दिवसांत पाठवा. नागेशनं ते कार्ड खिशातच ठेवलं होतं. मग त्यानं आजीला घाटात उभं केलं, कडेवर पोर दिलं आणि सगळं तिच्या देखत घडवलं. रविवारच्या पहिल्या एसटीनं तो कळंबला आला, तिला वाचून दाखवायला.

चूक मेंढरामागं कधी न चाललेल्या माणसाची होती. घरानं मेंढरं विकून ऊस लावला, त्यानंतरचा त्याचा जन्म.

"बायका मेंढरासंगं चालत न्हाईत, लेकरा," साखरबाई शेंगा फोडत म्हणाली. "कोकनात उतरताना घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आन् आमी रस्त्यानं म्होरं जायचं. मुक्कामाला चूल पेटवायची. गडी मेंढरं चारत डोंगरानं मागनं यायचं."

"मग बघितलं कुणी? बरोबरच्या गड्यांनी?"

"त्या दिशी मागं त्यो एकलाच हुता."

नागेशला आधी काही कळलं नाही. मग कळलं.

"आजी, मग लांडगा?"

साखरबाईनं शेंगा बाजूला सारल्या. पदरानं हात पुसले. चोपन्न वर्षं सांभाळलेली वस्तू खाली ठेवावी तसं तिनं सांगून टाकलं.

"लांडगा मी आनला. मेंढरं आली, कुत्रं आलं, त्यो आला न्हाय. गड्यांनी दोन दिस डोंगर पालथा घातला. तिसऱ्या दिशी येक वाटसरू म्हनला, सोनबा खाली बंदरावर बोटीत चढताना दिसला. मुंबईच्या बोटीत. तुझा बाप तवा पाच वर्साचा. रोज इचारायचा, बा कवा येनार? तुला टाकून ग्येला, असं कोनच्या तोंडानं सांगू?"

नागेशला आजीची दया आली. लगेच दुसरंही वाटलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही: त्याला आनंद झाला. ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी सरस होती. बायको चुलीपाशी वाट पाहते, कुत्रं येतं, नवरा येत नाही. संपादक उड्या मारतील. पहिलं वाक्यसुद्धा त्याला सुचलं.

साखरबाई त्याच्याकडं बघत होती. तिनं त्याचं मनगट धरलं.

"तुला ल्हायचं आसंल तर ल्ही. पर मी हाय तवर सर्जाला कळू दिऊ नगं. त्यो त्या बापावर जगलाय."

ते खरंच होतं. नागेशच्या वडलांकडं, सर्जेरावांकडं, पाहुणा आला की चहाच्या आधी लांडगा यायचा. कारखान्याच्या सभेत कुणी वाकडं बोललं, की 'मी सोनबाचा पोरगा हाय' एवढंच म्हणून ते मिशीवर हात फिरवायचे. नागेशनं कागदांची घडी केली. आपली हाव त्याला आता चांगलीच टोचत होती.

दुपारी सर्जेरावांनी त्याला एम-एटीवरून फाट्यावर आणून सोडलं. साठीचा माणूस, पायाला उसाच्या पाटाचा चिखल तसाच. नागेश वाटभर एक शब्द बोलला नव्हता. एसटी लांबून येताना दिसली.

"म्हातारीनं सांगितलं वाटतं," सर्जेराव म्हणाले.

"काय, आबा?"

"लांडगा न्हवता म्हनून."

नागेशनं घडी केलेले कागद पाठीमागं धरले.

"मला म्हाईत हाय," सर्जेराव रस्त्याकडं बघत म्हणाले. "सतरा वर्सांचा आसताना मी मेंढरं घिऊन कोकनात उतारलो. पेणच्या बाजारात संगं आलेल्या भिमाकाकानं लांबनं दाखवला. मुंबईस्नं परतून तितं मिठाची पोती उचलत हुता. म्हनला, त्यो बघ तुझा बा. काकाला तितंच थांबवून मी एकलाच ग्येलो. म्हनलं, आज इचारतोच."

"विचारलंत?"

"त्यानं मला वळखलं न्हाय. पोत्यावर बसवलं, बिडी दिली. कुठला रं तू, बाप काय करतो, म्हनला. मी त्याला लांडग्याची गोष्ट सांगितली. नाव-गाव काय बी न सांगता, आयनं सांगितली तशी, समदी. बिडी इझली तरी ऐकत बसला."

एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून हाक दिली. नागेशनं त्याला हातानं थांबवलं.

"मग काय म्हणाले?"

सर्जेरावांनी गाडीला किक मारली.

"म्हनला, नशीब काढलंस पोरा. असा बाप मिळाला."