एकशे दोन पॉइंट चार

"ताप किती आहे?" शाळेतल्या विजयश्री मॅडमनी फोनवर विचारलं.

"एकशे दोन पॉइंट चार," मिनल म्हणाली.

समोर ओट्याला टेकून तिची मुलगी दीपमाला पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होती. मिनलने तिला बोटानेच गप्प राहायची खूण केली.

मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होती. आकडा दशांशासकट सांगितला की समोरचा माणूस पुढे फारसं विचारत नाही, हे तिने बारा वर्षांत पाहिलं होतं. मॅडमनी मात्र विचारलं.

"सांधे दुखतायत?"

"गुडघे."

"अंगावर चट्टे?"

मिनलने फ्रिजच्या दाराकडे पाहिलं. "दंडावर. बारीक, लाल."

पलीकडे मॅडम काहीतरी लिहून घेत असाव्यात. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही सी बिल्डिंगमध्येच ना?"

"हो."

"बरं. काळजी घ्या. शाळेची चिंता करू नका."

मिनलने फोन ठेवला आणि आपण इतक्यावरच सुटलो याचं तिला जरा नवलच वाटलं. शाळेचा नियम कडक होता. जूनच्या पालकसभेत प्रत्येकाकडून कागदावर सही घेतली होती: सत्र चालू असताना सहल, लग्न, गावची जत्रा यासाठी रजा नाही. फक्त आजारपण किंवा घरातला मृत्यू. नियम मोडला तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची हमी नाही. मृत्यूचं कारण सांगायची सोय उरली नव्हती. गेल्या वर्षी बी बिल्डिंगमधल्या एकाने तेच आजोबा दुसऱ्यांदा घालवले आणि तो पकडला गेला.

पण कंपनीचा शटडाऊन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच असायचा. एरवी सलग चार दिवस रजा मागितली की सुपरवायझर हसायचा. आणि नवऱ्याची, अजिंक्यची रजा म्हणजे तर चेष्टाच होती. तो महापालिकेच्या आरोग्य खात्यात होता. डासांच्या मागे त्याचं वर्ष जायचं. तीनदा त्यांनी समुद्रावर जायचं ठरवलं, तीनदा आदल्या दिवशी त्याला बोलावणं आलं. दीपमाला आठ वर्षांची झाली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. तिची लाल प्लास्टिकची बादली तीन वर्षं माळ्यावर पडून होती.

"या वेळी नक्की," अजिंक्य म्हणाला होता. "थंडीत डासांनाही सुट्टी असते."

दिवेआगरला एका घरात चार दिवसांसाठी खोली घेतली होती. गुरुवारी सकाळी निघायचं होतं.

आयत्या वेळी घाई नको म्हणून मिनल बॅगा भरायला बसली, आणि काल संध्याकाळी शेजारची रुक्साना आली होती ते तिला आठवलं. रुक्सानाचा नवरा गुलजार कुरुळीच्या एका कंपनीत होता. त्याचाही शटडाऊन त्याच आठवड्यात.

"मिनलताई, शाळेत आमच्या अजिमला काय झालं म्हणून सांगू? पोटदुखी चालेल?"

"पोटदुखी दुपारी बरी होते गं. ताप सांग. चार-पाच दिवस सहज जातात."

"नुसता ताप?"

"नुसता ताप कोण मानतं? हे घे."

फ्रिजवर चुंबकाने लावलेलं पत्रक मिनलने काढून दिलं. 'ही लक्षणे दिसल्यास' असा त्याला मथळा होता. अजिंक्य अशा पत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे घरी आणायचा. दीपमाला त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायची.

रुक्सानाने मोबाइलवर पत्रकाचा फोटो काढला. "तुम्ही डॉक्टरच व्हायला हवं होतं. खालच्या दोघींनाही पाठवते," म्हणत ती हसत गेली.

त्याच दिवशी, बुधवारी, संध्याकाळी अजिंक्य घरी आला, तेव्हा बॅगा दाराशी होत्या.

"शाळेचं काय केलंस?"

"झालं."

"परवानगी दिली? त्या बाईंनी?"

"नीट समजावलं की देतात."

"मला नाही जमलं कधी," तो म्हणाला आणि बादली शोधायला माळ्यावर चढला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला तिघं तयार होते. खाली आवारात गुलजारने गाडीच्या टपावर सामान बांधलं होतं. त्याच्या मागे आणखी दोन गाड्या भरून उभ्या होत्या. अजिमने वर बघून हात हलवला.

"अख्खी बिल्डिंगच निघाली की काय?" अजिंक्य हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

तो गॅलरीत गेला. मिनलला त्याची पाठ दिसत होती. पहिल्या मिनिटाला खांदे खाली आले, तेव्हाच तिला कळलं.

"हो साहेब. नाही साहेब, निघालो नव्हतो अजून."

तो आत आला आणि खांद्यावरची बॅग त्याने हळूच जमिनीवर ठेवली.

"रजा रद्द."

"पुन्हा?" मिनलचा आवाज चढला. "थंडीत? कोणाला काय झालंय एवढं?"

"ताप. काल एका दिवसात एका शाळेतली अकरा मुलं. सगळ्यांना सारखीच लक्षणं, अगदी पुस्तकात असतात तशी. त्यांच्या मॅडम सायन्सच्या आहेत, त्यांनी तक्ता करून पाठवलाय." त्याने कोपऱ्यातला फवारणीचा पंप पुढे ओढला. "घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचेत. शाळा सोमवारपर्यंत बंद."

मिनलने विचारलं, "कुठली शाळा?"

"साहेब घाईत होते. यादी पाठवतोय म्हणाले."

त्याच्या हातातला फोन वाजला. अजिंक्यने यादी उघडली, पहिलं नाव वाचलं, आणि बादली घेऊन दारात उभ्या असलेल्या दीपमालाच्या कपाळाला हात लावून पाहिला.