परवानगी

धनाजीची बायको वैशाली सकाळी दवाखान्यात वारली, आणि दुपारी वकिलाचा फोन आला: गर्भपाताला कोर्टाची परवानगी मिळाली.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर बाळू आणि सदूतात्या आपापल्या पक्षाचं टेबल मांडून त्याच निकालावरून भांडत होते.

"कायदा आमच्या सरकारनं केला!"

"मग बाईला कोर्टात का जावं लागलं रे?"

दोघांनीही वैशालीला खांदा दिला होता. धनाजी दिसताच दोघंही म्हणाले, "वहिनीसाठी तरी मत आम्हालाच द्या."

धनाजीला खरंच जाणून घ्यायचं होतं. "उद्या दुसरीवर ही वेळ आली, तर परवानगी लवकर मिळावी म्हणून तुमचा उमेदवार काय करणार?"

"साहेबांना विचारून सांगतो," बाळू म्हणाला. सदूतात्यांनीही फोन काढला.

धनाजी उत्तराची वाट बघत सावलीत बसून राहिला. मतदान संपत आलं, तरी त्याचं मत द्यायचं राहिलंच होतं.