गिअरबॉक्सचा रविवार

मधुकररावांचे दोन्ही पाय लँडमास्टर गाडीखालून बाहेर आलेले दिसले आणि चारुलताबाई हातातलं काम टाकून धावल्या. सकाळचे सात वाजले होते. दहाला निघायचं होतं. दुपारी एकला वर्ध्यात गोपिकाचा साखरपुडा होता, आणि मुलीचा बाप गिअरबॉक्सचं तेल बदलत होता. आजच कशाला, असं त्यांनी वाकून विचारलं. लांबचा प्रवास आहे म्हणूनच, असं गाडीखालून उत्तर आलं.

मधुकरराव कोराडीच्या वीज केंद्रात हेडक्लार्क होते. तिथल्या यंत्रांजवळ त्यांना कोणी फिरकू देत नसे, म्हणून ती हौस ते घरच्या गाडीवर भागवत. महिन्यातला एक रविवार गिअरबॉक्सचा. तीन तास गाडीखाली काढून ते कोपरापर्यंत काळे होऊन बाहेर येत आणि मग गल्लीला व्याख्यान मिळे. मेकॅनिक लोक लुटारू असतात, आपली गाडी आपण उघडावी, वगैरे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा तो डबा उघडला, तेव्हा जोडून झाल्यावर वाटीभर सुटे भाग उरले आणि गाडी फक्त मागे जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी ते कोराडीच्या बसमध्ये चढल्याबरोबर चारुलताबाईंनी ती वाटी घेऊन जवळच्या अजनीचा लहानू मेकॅनिक गाठला. संध्याकाळी गाडी लोण्यासारखी चालली. नव्या तेलाला बसायला एक दिवस लागतोच, असं मधुकररावांनी जाहीर केलं.

तेव्हापासून गिअरबॉक्सच्या रविवारनंतर लहानूचा सोमवार ठरलेला. नवऱ्याची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून बाईंनी ही चोरी जिवापाड जपली. पण आज मध्ये सोमवारच नव्हता. वाटेत बुटीबोरीच्या पुढे गाडी अडली, तर तिकडे व्याही हार घेऊन ताटकळणार. मुलीच्या बापालाच वेळेची किंमत नाही, हे सासरी गोपिकाला जन्मभर ऐकावं लागणार.

बाईंनी चपला घातल्या आणि तडक अजनी गाठली. लहानू अंगणात दात घासत होता. साहेब बाहेर आले की मी त्यांना बाजारात धाडते, तेवढ्यात येऊन सगळं नीट लावून दे, असं त्या एका दमात बोलून गेल्या.

लहानूने सावकाश चूळ भरली. "बाई, तुम्ही काहून घाबरून राहिल्या? साहेबानं तो डबा एकदाच उघडला, नऊ सालाआधी. त्याच्यानंतर त्या नटाले त्यांचा पानाच लागला नाही. तेल मीच बदलतो."

"मग तीन तास खाली करतात काय?"

लहानू संकोचला. "झोपतेत," तो म्हणाला. "हत्यारांच्या पेटीत, पान्यांखाली, उशी राहते. हातांले ग्रीस मात्र खरं लावतेत."

हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, असं बाईंनी विचारलं. नवराबायकोच्या मधात आपण कशाला बोलावं, एवढंच तो म्हणाला.

परत येताना बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. नऊ वर्षं आपण चोरासारखं मेकॅनिकला आणायचं, आणि यांनी उशी घेऊन घोरायचं. आज पाय धरून बाहेर ओढते आणि सगळ्या गल्लीसमोर विचारते, असं त्या मनात घोकत होत्या.

दारात इंदुताई उभ्या होत्या. मधुकररावांच्या या थोरल्या बहिणीच्या हातात भावाच्या कामांचा कागद होता. हार, पेढे, विड्याची पानं, भटजींना निरोप, खुर्च्यांच्या माणसाला वर्ध्याला फोन. त्या वाचत होत्या आणि मधूनमधून गाडीकडे बघून "मधुकर, ए मधुकर" करत होत्या. पाय हलत नव्हते. टाचांना भेगा पडल्या होत्या. महिनाभर हाच माणूस वर्ध्याच्या खेपा घालत होता, आणि आज पहाटे चारला दुधासाठी बाईंनीच त्याला उठवलं होतं. चारुलताबाईंनी कागदाकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी इंदुताईंच्या हातातून कागद काढून घेतला आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"दहापर्यंत त्यांना हाक मारू नका, ताई," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ताच कुठे गिअरबॉक्स उघडलाय."