दसऱ्याचं पिस्तूल

दसऱ्याच्या पाटावर मुलानं वडिलांचं पिस्तूल मांडलं. त्यांच्या खुनाचा खटला संपल्यावर त्यानं ते सोडवून आपल्या नावावर केलं होतं. सून कुंकू कालवू लागली, तशी त्याची आई द्वारकाबाई शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन पुढं आली.

“ओलं कुंकू नको रे. आतून गंजलं होतं, म्हणून तर मारेकरी समोर असताना ह्यांनी चाप ओढूनही गोळी सुटली नाही.”

“वहिनी, मागं व्हा,” नणंद म्हणाली. “पूजेत विधवेचा हात नको.”

सुनेनं ओली बोटं पिस्तुलाच्या फटींवरून फिरवली. मुलानं ते तसंच कमरेला खोचलं आणि सोनं वाटायला निघाला.

द्वारकाबाईनं बाटलीचं झाकण लावलं. सुनेची लाल बोटं बघत ती म्हणाली, “छान लावलंस, पोरी. मीही दर दसऱ्याला असंच लावायचे.”