एकानं वाचायचं, एकानं करायचं

हंबीररावांच्या पत्राला ख्वाजाचाचांनी सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

पत्र एवढंसंच होतं. 'गाडीत तुम्ही होता. माझं पोरगं त्या दिवशी कसं वागलं, खरं काय ते कळवा. वाईट असलं तरी चालेल.' खाली सही, आणि सहीखाली पुन्हा, 'खरंच कळवा.'

चाचांनी ते मोटारदुरुस्तीच्या जाड पुस्तकात ठेवलं होतं, रंगकामाच्या प्रकरणात. ते प्रकरण दर रविवारी उघडलं जाई, त्यामुळे पत्रही दर रविवारी दिसे.

आजही रविवार होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटांची, उघड्या टपाची लाल गाडी उभी होती. पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. चाचा त्यांना दातांची पेस्ट लावून जुन्या बनियनच्या फडक्यानं गोल गोल घासत होते.

"दिव्यांचे दात घासताय व्हय चाचा?"

दारात अनुजा उभी होती, हंबीररावांची धाकटी. शिरोलीच्या एका कारखान्यात नुकतीच इंजिनिअर म्हणून लागली होती.

"पुस्तकात असं दिलंय," चाचा ओशाळून म्हणाले. "बरोबर करतोय का कुणास ठाऊक."

"झ्याक चाललंय की! आरसा झालाय नुसता."

गाडी तिच्या भावाची, सम्राटची. भंगारात निघालेली त्यानं उचलून आणली, तेव्हा चाचा वाचनालयात कारकून होते. मोटारींची पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि सम्राटचं इंग्रजी दुसऱ्या ओळीवरच धापा टाकायचं. मग दोघांचा नेम ठरला. एकानं वाचायचं, एकानं करायचं. चाचा स्टुलावर बसून मराठीत सांगत, सम्राट हात चालवी. पाच फुटांचे चाचा आणि सहा फुटांचं हे पोर. गाडीत शिरताना आधी त्याचे गुडघे आत जात, मग तो.

गॅरेजवाला जेवढे पैसे सांगे त्याच्या चौथाईत सगळं होई. चाकं फवाऱ्याच्या डबीनं काळी केली. टायरला रंग लागू नये म्हणून वाचनालयातली रद्द झालेली पुस्तकांची कार्डं फटीत खोचायची, ही युक्ती चाचांची. स्टिअरिंगला चपला शिवणाऱ्याकडून आणलेल्या चामड्याच्या पट्ट्या. दारावर सम्राटनं स्वतःचं नाव लिहिलं आणि चार पावलं मागं जाऊन ओरडला, "चाचा, नाद खुळा!"

मग गगनबावड्याचा घाट. सकाळची वेळ, दाट धुकं, एक वळण, कठडा. गाडीतून दोघंही बाहेर फेकले गेले. लोक धावत आले तेव्हा सम्राट संपला होता. चाचा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पुस्तक गवतात पडलं होतं.

चार दिवस चाचांच्या तोंडून शब्द फुटला नाही. तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं. तरणं पोरगं, पळणारी गाडी, दुसरं काय होणार? चाचांना कुणी काही विचारलंच नाही. मग हंबीरराव आले, हात जोडून म्हणाले, "माझ्या पोरानं तुम्हास्नीबी मारलंच हुतं की." त्यांनी पेचकस घेऊन दारावरचं नाव खरवडून काढलं. ही गाडी माझ्या दारात नको म्हणाले. चाचांनी ती आपल्याकडे आणली. पत्र त्यानंतरच्या महिन्यात आलं.

पत्रा ठोकून सरळ करणं तेवढं दुसऱ्याकडून झालं. बाकी सगळं चाचांनी हातानं केलं. एक ओळ वाचायची, चष्मा काढायचा, करायचं, हात धुऊन पुन्हा चष्मा लावायचा. ड्रायव्हरची सीट मात्र हलेना. तिची मागंपुढं सरकायची पट्टी घाटात वाकली होती. पुढं ओढलेली सीट तिथंच अडकून बसली होती.

अनुजानं पिशवीतून रेडियमचा तुकडा काढला. "दारावर दादाचं नाव परत टाकूया?"

"आबांना विचारलंस?"

ती दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसली. लहानखुरी पोर, पण पाय सहज ब्रेकला टेकले.

"आबा घरात दादाचा फोटोबी लावू देत न्हाईत. काल मी भांडले. म्हटलं, एवढा काय गुन्हा केला त्यानं? तर म्हणतात, चाचांनी उत्तर धाडलं न्हाय, त्यातच मला उत्तर मिळालं. देवमाणूस हाय, माझी लाज राखली."

चाचांचा हात थांबला. काचेवर पेस्ट वाळत चालली.

"असं म्हणाले?"

"व्हय. माझ्या पोराचं पाप त्या माणसाच्या दारात उभं हाय, आन् बिचारा त्येच पुसत बसलाय, म्हणाले."

चाचांनी फडकं चारपदरी घडी करून बॉनेटवर ठेवलं.

"तू नाव कापून ठेव. लावू मात्र नकोस."

"का?"

"आबा लावतील."

"ते? ह्या जन्मात न्हाय यायचे इथं."

"येतील. बहुतेक येतील." चाचा घरात गेले.

पहिल्यांदा चार पानं झाली. ती त्यांना फार शब्दाळ वाटली, फाडली. मग दोन पानं झाली. त्यांत स्वतःची बाजूच जास्त आलीय असं वाटलं, तीही फाडली. शेवटी जे उरलं ते पाकिटात घालून ते चौकातल्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर धरून बराच वेळ उभे राहिले.

"टाका की पावणं, पेटी काय चावत न्हाय!" मागून एकजण म्हणाला.

चाचांनी पाकीट सोडलं.

आत एवढंच होतं: 'हंबीरराव, त्या दिवशी सम्राट म्हणाला, चाचा, आज मी वाचतो, तुम्ही करा. पुस्तक त्याच्या हातात होतं, आणि स्टिअरिंग माझ्या.'